अंधाराला वाचा देणारा लेखक : चिं. त्र्यं. खानोलकर

(तृतीय वर्ष, कला)

वसतिगृहातल्या रात्री या गप्पांसाठीच असतात, आणि वीज गेली की त्या गप्पा हमखास भुताखेतांवर येतात. मागच्या वर्षी अशाच एका रात्री आमच्या खोलीत आवडत्या भयकादंबऱ्यांची यादी तयार झाली. कोणी ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' सांगितला, कोणी नारायण धारपांची 'लुचाई'. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा तर सर्वांच्याच तोंडी होत्या. मग कोणत्या कादंबरीवर कोणता चित्रपट निघाला आणि कोणता फसला, याची चर्चा सुरू झाली. मी मध्येच 'कोंडुरा' असे म्हटले, तेव्हा हशा पिकला. ती तर साहित्यातली कादंबरी, तिचा भयाशी काय संबंध, असे सर्वांचे म्हणणे पडले. पैज म्हणून त्याच आठवड्यात आमच्यापैकी तिघांनी ती ग्रंथालयातून आणून वाचली. नंतर त्या तिघांपैकी कोणी हसले नाही.

ही कादंबरी लिहिणाऱ्या माणसाची ओळख करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे. चिंतामण त्र्यंबक खानोलकर हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना आरती प्रभू या नावाने ठाऊक असते. हृदयनाथ मंगेशकरांनी चाली लावलेल्या त्यांच्या कविता आपण गुणगुणतो. परंतु त्या कवितांमागचा माणूस कादंबरीकारही होता, आणि माणसाच्या मनातल्या भीतीचा इतका खोल तळ शोधणारा दुसरा कादंबरीकार मराठीत क्वचितच सापडेल, हे मात्र आपण विसरतो.

खानोलकरांचा जन्म ८ मार्च १९३० रोजी वेंगुर्ल्याजवळच्या तेंडोली गावातील बागलांची राई या वाडीत झाला. तेव्हा हा सारा मुलूख दक्षिण कोकणाचा म्हणून ओळखला जाई. सिंधुदुर्ग हा वेगळा जिल्हा १९८१ साली झाला. आडनावाचे मूळ गाव खानोली, तेही याच परिसरातले. आपण सोलापूरकर मोकळ्या माळावर वाढलेली माणसे. आपल्याकडे सूर्य मावळला तरी दूरवरचे झाड दिसत राहते. कोकणातली संध्याकाळ वेगळी असते. माडापोफळींच्या बागेत उजेड लवकर विझतो. घर आणि घर यांच्या मधली पायवाट काळोखात बुडते, आणि दूर कुठेतरी समुद्राची गाज अखंड चालू असते. ज्या मुलाचे बालपण अशा राईत गेले, त्याच्या कानांत तो आवाज जन्मभर राहिला असल्यास नवल नाही.

त्या भूमीची श्रद्धाही तशीच दाट. गावाच्या सीमेवर देवचार राखण करतो, पिंपळाच्या झाडावर मुंजा असतो, वेताळाचे देऊळ असते. घरात अडचण आली की ग्रामदेवतेला गाऱ्हाणे घालतात, आणि गुरव देवाला कौल लावतो. पाकळी उजवीकडे पडली की डावीकडे, यावर लग्ने ठरतात, वाटण्या होतात. जत्रेच्या रात्री दशावतारी नाटक उभे राहते, आणि दिवसा शेतात राबणारा माणूस पहाटेपर्यंत देव किंवा राक्षस होऊन बोलतो. माणूस आणि दैवत यांच्यामधली भिंत तेथे पातळ असते. खानोलकरांच्या साऱ्या लेखनात ही पातळ भिंत आहे. तिच्या पलीकडून कोणी बोलते आहे, की आपणच आपल्याशी बोलतो आहोत, हा प्रश्न त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

शिक्षण कुडाळ, सावंतवाडी आणि मुंबई असे विस्कळीत झाले. महाविद्यालयाची पायरी त्यांनी चढली नाही. पुढे कुडाळला घरच्या खानावळीचा भार त्यांच्यावर आला. आपण ज्यांच्यावर प्रबंध लिहितो तो हा लेखक ऐन तारुण्यात गिऱ्हाइकांची पाने वाढण्याच्या आणि उधारीचा हिशेब ठेवण्याच्या धबडग्यात होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. खानावळीत शंभर तऱ्हेची माणसे येतात. कोणी कोर्टाच्या कामासाठी आलेला, कोणी नोकरीच्या शोधात निघालेला, कोणी घरातून भांडून बाहेर पडलेला. खानोलकरांच्या कादंबऱ्यांत घर सोडून निघालेली माणसे वारंवार भेटतात. ती त्यांना कोठे भेटली असतील, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

याच काळात कविता सुरू झाल्या. १९५४ च्या सुमारास त्या 'सत्यकथा' मासिकात आरती प्रभू या नावाने प्रसिद्ध होऊ लागल्या. त्या काळी 'सत्यकथा'त कविता येणे म्हणजे मराठी साहित्याच्या दिवाणखान्यात बसायला जागा मिळणे. कुडाळच्या खानावळीतून आलेल्या या कवीने ती जागा पहिल्याच झटक्यात मिळवली. १९५९ साली 'जोगवा' हा पहिला कवितासंग्रह आला, १९६२ साली 'दिवेलागण'. दोन्ही नावे पाहा. एकात देवीपुढे पसरलेला पदर आहे, दुसऱ्यात काळोख पडतानाची वेळ आहे. पुढच्या कादंबऱ्यांचे बीज या दोन शब्दांतच होते, असे मला वाटते.

१९५९ च्या सुमारास खानोलकर मुंबईला आले. मूळचे वेंगुर्ल्याचेच असलेले कवी मंगेश पाडगांवकर यांच्या साहाय्याने त्यांना आकाशवाणीवर नोकरी लागली. ती नोकरी फार काळ टिकली नाही. त्यानंतरचे आयुष्य म्हणजे संसाराची ओढाताण आणि त्या ओढाताणीतून सतत चाललेले लेखन. पंधरा-सोळा वर्षांत कविता, कथा, कादंबऱ्या आणि नाटके मिळून त्यांनी जे लिहिले, ते एखाद्याला दोन जन्मांत जमले नसते. त्यातले सर्वच सारख्या तोलाचे आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही पुस्तके घाईची वाटतात, काहींत गूढतेचा सोस होतो. पण जेथे ते जमले आहे, तेथे वाचकाच्या पाठीच्या कण्यातून थंड लहर जाते.

'रात्र काळी, घागर काळी' ही कादंबरी १९६२ ची. नाव आले जुन्या गौळणीवरून, विषय मात्र गौळणीइतका गोड नाही. लक्ष्मी नावाच्या विलक्षण सुंदर स्त्रीभोवती ही कथा फिरते. सौंदर्य हे वरदान न राहता शाप झाले तर काय होते, आणि त्या शापाची शिक्षा नेमकी कोणाला भोगावी लागते, हे तिच्यात दिसते. त्यानंतर 'अजगर' आणि 'त्रिशंकू' या कादंबऱ्या आल्या. एका कादंबरीचे नाव तर त्यांनी सरळ 'पिशाच्च' असेच ठेवले. आणि या सर्वांच्या मधोमध, १९६६ साली, 'कोंडुरा' आली.

कोंडुरा ही वेंगुर्ले तालुक्यातली खरी जागा आहे. समुद्राकाठच्या खडकांत एक कपार आहे, लाटांचे पाणी तिच्यात शिरते आणि आतून घुमणारा आवाज येतो. एवढ्या एका आवाजावर खानोलकरांनी कादंबरी उभी केली. तिचा नायक परशुराम हा गरीब, घरात मान नसलेला ब्राह्मण तरुण. अपमान सहन न होऊन तो घराबाहेर पडतो, आणि समुद्रकाठी त्याला कोंडुरास्वामीचा साक्षात्कार होतो. स्वामी त्याला एक मुळी देतात. तिने स्त्रीचा गर्भ पडतो. अट एकच, परशुरामाने ब्रह्मचर्य पाळायचे. काल कोणी ज्याला विचारत नव्हते, तो माणूस आज गावाचा तारणहार ठरतो. देवी त्याला आज्ञा करते, देवळाचा जीर्णोद्धार सुरू होतो, लोक पाया पडू लागतात. गावातले पाप आपल्याला दिसते, असा त्याचा ठाम विश्वास बसतो. शेवटी ती मुळी एका निरपराध स्त्रीच्या वाट्याला जाते.

मित्रांनो, या कादंबरीत भूत कोठे आहे? कोणी रक्त पीत नाही, कोणी थडग्यातून उठत नाही. तरीही मी ती मिटली तेव्हा खोलीतला दिवा मालवायचे धाडस मला झाले नाही. स्वामी खरोखर भेटले होते, की अपमानाने पेटलेल्या मनाने त्यांना समुद्रातून उभे केले? लेखक सांगत नाही. हेन्री जेम्स या इंग्रजी लेखकाने १८९८ साली 'द टर्न ऑफ द स्क्रू' नावाची लघुकादंबरी लिहिली. तिच्यातली भुते खरी की मुलांना सांभाळणाऱ्या बाईच्या मनातली, यावर शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. तिच्यावर १९६१ साली निघालेला 'द इनोसन्ट्स' हा चित्रपटही तो वाद मिटवत नाही. 'कोंडुरा' त्याच जातीची आहे. फरक एवढाच, की जेम्सच्या कथेत एका घराचा प्रश्न होता, येथे साऱ्या गावाचा आहे. एकाच्या मनातला भास गावाने देव म्हणून स्वीकारला, की त्याची किंमत दुबळ्यांना मोजावी लागते. परशुरामाच्या पत्नीचाच विचार करा. तिच्या वाट्याला नवऱ्याच्या देवपणातून आले काय? संसार नाही, मूल नाही, आणि तक्रार करायची सोयही नाही, कारण तक्रार केली तर ती देवाविरुद्ध होणार.

१९७० च्या 'गणुराया आणि चानी' या पुस्तकातली चानी अशीच. कोकणात खारीला चानी म्हणतात. गोऱ्या माणसाने केलेल्या अत्याचारातून जन्मलेली ही मुलगी, रंगाने गोरीपान, डोळ्यांनी आणि केसांनी सर्वांहून निराळी. गाव तिला अपशकुनी ठरवते आणि त्याच गावातले पुरुष चोरून तिच्याकडे पाहतात. येथेही पिशाच्च नाही. भयाचे सारे काम गावच करते.

माझ्या आजोळी एक वृद्ध विधवा होती. कोणाचे जनावर दगावले, कोणाचे मूल तापाने फणफणले, की तिचे नाव निघे. तिच्या दारावरून जायचे नाही, अशी आम्हा मुलांना ताकीद होती, आणि आम्ही ती आनंदाने पाळत असू. भीतीचीही एक मजा असते ना! 'चानी' वाचताना कित्येक वर्षांनी तिचा चेहरा मला आठवला. आम्ही तिला घाबरत होतो. ती आम्हाला किती घाबरत असेल, हा विचार तोपर्यंत माझ्या मनाला शिवला नव्हता. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला तो २०१३ साली. खानोलकरांनी हा प्रश्न त्यापूर्वी चार दशके कादंबरीत मांडला होता. कायद्याने भोंदूला शिक्षा होते. ज्याचा स्वतःच्या साक्षात्कारावर मनापासून विश्वास आहे, त्या परशुरामाचे काय करायचे, हे कळायला कादंबरीच वाचावी लागते.

नाटककार म्हणूनही खानोलकरांनी आपली वाट स्वतः पाडली. 'एक शून्य बाजीराव' विजया मेहता यांनी 'रंगायन'तर्फे रंगभूमीवर आणले. पुढे 'अवध्य' आणि 'कालाय तस्मै नमः' आली. ब्रेख्तच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'चे 'अजब न्याय वर्तुळाचा' हे मराठी रूप त्यांचे, आणि गिरीश कर्नाडांचे 'हयवदन' मराठीत आणले तेही त्यांनीच. 'हयवदन'मध्ये दोन मित्रांची मस्तके अदलाबदल होऊन धडांवर बसतात. त्या कथेचे मूळ आपल्या वेताळाच्या गोष्टींत आहे. राजा विक्रमाच्या खांद्यावरच्या त्या प्रेतापासून आधुनिक नाटकापर्यंतचा हा प्रवास. तो मराठीत घडवायला राईतल्या काळोखात वाढलेला माणूसच मिळावा, हा योग मोठा समर्पक वाटतो.

१९७५ साली 'नक्षत्रांचे देणे' हा कवितासंग्रह आला, आणि २६ एप्रिल १९७६ रोजी मुंबईत खानोलकरांचे निधन झाले. वय अवघे ४६. ज्या गोष्टींची एखादा लेखक आयुष्यभर वाट पाहतो, त्या त्यांच्या मागे एकामागून एक आल्या. १९७७ साली व्ही. शांताराम यांचा 'चानी' पडद्यावर आला. १९७८ साली श्याम बेनेगल यांचा 'कोंडुरा' आला. त्याच वर्षी 'नक्षत्रांचे देणे' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. यांपैकी एकही गोष्ट पाहायला ते नव्हते. दोन वर्षे आणखी मिळती तर! पण काळापुढे कोणाचे चालते?

आता या दोन चित्रपटांविषयी. 'चानी'त रंजनाने नायिकेची भूमिका केली. पुस्तकातली चानी वाचकाच्या कल्पनेत राहते. पडद्यावर तिचा रंग, डोळे, केस सारे समोर दिसू लागते. त्यामुळे करुणा वाढते, पण गूढता थोडी कमी होते, असे मला वाटले. तरीही गावाच्या क्रूरपणाचे चित्र प्रेक्षकाला अस्वस्थ करते, हे मान्य केले पाहिजे.

'कोंडुरा'ची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. बेनेगलांनी ती कथा कोकणातून उचलून आंध्रच्या किनाऱ्यावरील खेड्यात नेली, आणि हिंदीबरोबर तेलुगूतही चित्रपट केला. तेलुगू चित्रपटाचे नाव 'अनुग्रहम'. आपल्या सोलापुरात पूर्व भागात तेलुगू बोलणारी हजारो विणकर कुटुंबे आहेत. आपल्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या मित्राच्या मातृभाषेत आपल्या मराठी लेखकाची कथा गेली आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? पटकथेत कर्नाडांचा हात होता, छायाचित्रण गोविंद निहलानींचे, संगीत वनराज भाटियांचे. परशुराम झाला अनंत नाग. त्याची पत्नी झाली तेलुगू पडद्यावरची प्रसिद्ध अभिनेत्री वाणिश्री, आणि ज्या स्त्रीवर सारा आघात कोसळतो ती स्मिता पाटील. हिंदीत कोंडुरास्वामी झाले अमरीश पुरी. कपार, लाटा, देऊळ सारे डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु कॅमेऱ्यापुढे स्वामी प्रत्यक्ष उभे राहिले, की ते आहेत की नाहीत ही शंका टिकवणे अवघड होते. पुस्तकात ती शंका प्रत्येक पानावर श्वास घेते. चित्रपट हा डोळ्यांचा, कादंबरी मनाची. कोणत्याही भयकथेचे रूपांतर करणाऱ्याला हा पेच सोडवावाच लागतो. बेनेगलांनी तो स्मिता पाटील आणि वाणिश्री यांच्या चेहऱ्यांवर सोडवला. देवाचे खरेखोटे ठरवण्याऐवजी त्याची किंमत देणाऱ्या बायकांकडे पाहा, असे जणू तो चित्रपट सांगतो.

कोकणातला काळोख पडद्याला नंतरही खुणावत राहिला. धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहून परदेशी रक्तपिपासू मराठी मातीत आणला होता. त्यांच्याच 'आजी' या कथेतून बीज घेऊन २०१८ साली 'तुंबाड' हा चित्रपट निघाला. त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण देते. २०१६ साली सुरू झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या दूरदर्शन मालिकेने सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा घराघरांत पोचवला. कुडाळपासून हे गाव काही फार दूर नाही. या साऱ्यांत वाडा आहे, पाऊस आहे, पूर्वजांचे पाप आहे. ते पाहताना खानोलकरांचे नाव कोणी घेत नाही. मला मात्र ते दर वेळी आठवते.

आमच्या वसतिगृहातील यादीचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. ती अजून भिंतीवर आहे. 'ड्रॅक्युला' आणि 'लुचाई' तिच्यावर आहेतच, त्यांचा मान त्यांना आहे. त्यांच्याखाली दुसऱ्या शाईत 'कोंडुरा' लिहिले आहे, आणि ते मी लिहिलेले नाही. जो सर्वांत मोठ्याने हसला होता, त्याचे ते अक्षर आहे. सुटीत तो गावी गेला होता. तेथे एका घरात तापाने आजारी पडलेल्या सुनेला देवऋषीकडे नेण्याची तयारी चालली होती. तो आडवा उभा राहिला आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. परत आल्यावर त्याने एवढेच सांगितले आणि पेन मागितले.

ग्रंथालयातली प्रत जुनी झाली आहे, पाने सुटली आहेत. नेणाऱ्याने जपून वाचावी.